पूल वाहून गेला की: प्रेमकथेतलं गाव आणि रेफर चिठ्ठीवरचं गाव

माझी भाची मोबाइलवर प्रेमकथा लिहिते. एका कथा-अ‍ॅपवर दर दोन दिवसांनी एक भाग टाकते, आणि तिच्या वाचक बायका नागपुरापासून नांदेडपर्यंत पसरलेल्या आहेत. सध्याच्या कथेत मेडिकल कॉलेजमधून नुकताच बाहेर पडलेला एक डॉक्टर बॉन्डच्या, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेच्या, वर्षासाठी गडचिरोलीच्या टोकाच्या गावी जातो. तिथल्या शाळेतल्या बाईंशी त्याचं आधी बिनसतं, मग जुळतं. सव्विसावा भाग टाकायच्या आधी तिनं मला वाचायला दिला, कारण मी एकोणीस वर्षं ग्रामीण भागात स्टाफ नर्स होते. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात, नंतर ग्रामीण रुग्णालयात.

भागात धो धो पाऊस होता. पूल वाहून गेलेला. एका घरात बाई अडलेली. डॉक्टर मोबाइलच्या टॉर्चमध्ये तिथंच सिझर करतो, टॉर्च धरायला शाळेतल्या बाई. बाळ रडतं, दोघांची नजर भेटते, भाग संपतो.

"कसं वाटलं, मावशी?"

नजर भेटते तिथपर्यंतचं सगळं छान आहे, म्हटलं. सिझर मात्र काढ.

"ते काढलं तर मग उरते काय त्यात?"

तिचा प्रश्न मला रास्त वाटला. त्या रात्री तिला जे समजावलं, तेच इथं नीट मांडते आहे. प्रेमकथा कशा बांधल्या जातात आणि गावातली आरोग्यव्यवस्था कशी बांधलेली आहे, या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या की दोन्ही जास्त चांगल्या कळतात, असा माझा अनुभव आहे.

आधी प्रेमकथेचं. प्रेमकथा वाचणाऱ्यांना लोक हलक्यात घेतात, ते मला पटत नाही. नाइट ड्युटीला पहाटे तीन वाजता वॉर्ड शांत झाला की आम्ही सिस्टर लोक याच कथा वाचायचो, आणि त्या वेळी शेवट गोड होणार हे आधीच माहीत असणं ही फार मोठी गोष्ट असते. अमेरिकेतल्या प्रणयकादंबरीकारांच्या संघटनेनं या प्रकाराची व्याख्या दोनच अटींत केली होती: कथेच्या मध्यभागी प्रेम हवं, आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशेचा हवा. बाकी सगळं लेखकाच्या हातात. सुखान्त हा वाचकाला दिलेला शब्द असतो. तो मोडला तर वाचक फसवणूक झाल्यासारखा चिडतो, आणि ते बरोबरच आहे.

या दोन अटींच्या मधे काही ठरलेल्या वळणांचा साचा तयार झाला आहे. अवचित झालेली पहिली भेट. सुरुवातीचं भांडण. मग दोघांना एका छपराखाली अडकवणारा प्रसंग. शेवटाकडे एक मोठा दुरावा, त्यानंतर कुणीतरी सगळ्यांसमोर केलेली कबुली, आणि शेवटी "मी इथंच राहतो" किंवा "मी तुझ्यासोबत येते". डॉक्टर नायक तर या प्रकारात फार जुना आहे. १९०८ साली सुरू झालेल्या मिल्स अँड बून या इंग्लंडमधल्या प्रकाशनसंस्थेनं १९५० च्या दशकापासून डॉक्टर-नर्सच्या प्रेमकथांची रांगच लावली, आणि दवाखान्यातल्या प्रेमकथांची त्यांची वेगळी मालिका अजून चालते. दवाखान्यात जीव पणाला लागलेला असतो, रात्र असते, दोन माणसं थकलेली असतात. प्रेमकथेला लागतं ते सगळं तिथं तयार असतं.

या साच्यातलं "एका छपराखाली अडकणं" हे वळण नीट पाहायला हवं. दोघं अडकायची तर बाहेरचं जग तुटायला हवं. फोनला रेंज नको, एसटी नको, दुसरा डॉक्टर नको. शहरात हे जमवायला लेखकाला कष्ट पडतात. गाव, तेही जंगलातलं, पावसाळ्यातलं, हे सगळं आयतं देतं. म्हणून प्रेमकथेला दुर्गम गाव आवडतं. जो पूल वाहून गेल्यामुळे दोघं जवळ येतात, तोच पूल वाहून गेल्यामुळे आतल्या खोलीतली बाई मरू शकते. कथेत ही एकच गोष्ट दोन कामं करते, आणि आपलं लक्ष पहिल्या कामाकडे असतं.

तीन उशीर

बाळंतपणात बाया का मरतात याचं एक सोपं आणि फार उपयोगी स्पष्टीकरण थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासकांनी १९९४ मध्ये मांडलं. ते म्हणतात, बाई एका कारणानं मरत नाही, उशिरानं मरते, आणि हा उशीर तीन जागी होतो. पहिला घरात: हे नेहमीचं नाही, दवाखान्यात न्यायला हवं, हे ठरवायला लागलेला वेळ. दुसरा वाटेत: गाडी, रस्ता, नदी, अंतर. तिसरा दवाखान्यात पोचल्यावर: डॉक्टर आहे पण भूलतज्ज्ञ नाही, भूलतज्ज्ञ आहे पण रक्त नाही.

बाळ झाल्यावर रक्तस्राव सुरू झाला आणि थांबला नाही, तर बाईच्या हातात साधारण दोन तास असतात. गर्भाशय नीट आवळलं गेलं नाही की त्याच्या उघड्या राहिलेल्या रक्तवाहिन्या वाहत राहतात. आधीच अंगात रक्त कमी, हिमोग्लोबिन सात-आठ असलेल्या बाईला तेवढेही तास मिळत नाहीत. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. नागपूरहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि गडचिरोलीहून भामरागड पुन्हा जवळजवळ तेवढंच. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे आपण वर्षानुवर्षं पावसाळ्यात पेपरात वाचत आलो आहोत. दोन तासांचा हिशेब या नकाशावर बसवायचा म्हणजे उपचाराचा काही भाग बाईच्या जवळ असलाच पाहिजे.

सरकारी रचना याच विचारावर उभी आहे. मूळ आराखडा १९४६ च्या भोर समितीचा, पुढे ठरत गेलेले निकष असे. सपाट भागात ५,००० आणि आदिवासी, डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, तिथं एएनएम सिस्टर, म्हणजे गावपातळीवरची नर्स. ३०,००० किंवा आदिवासी भागात २०,००० लोकांमागे प्राथमिक आरोग्य केंद्र, म्हणजे पीएचसी, तिथं एमबीबीएस डॉक्टर आणि मोजक्या खाटा. त्याच्यावर ग्रामीण रुग्णालय, ३० खाटांचं, जिथं सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, फिजिशियन, भूलतज्ज्ञ असायला हवेत. मग उपजिल्हा, जिल्हा रुग्णालय, आणि शेवटी नागपूरची मोठी सरकारी रुग्णालयं: मेडिकल, मेयो, डागा. २००५ पासून या सगळ्याच्या तळाशी आशाताई आल्या, साधारण हजार वस्तीमागे एक. २०१४ पासून १०८ ची गाडी आली.

कागदावर ही शिडी चांगली आहे, आणि मी हे मनापासून म्हणते. पण तिची मधली पायरी मोडकी आहे. केंद्र सरकारच्याच २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीत देशभरातल्या ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीवर लागणाऱ्या तज्ज्ञांपैकी जवळपास ८० टक्के कमी दिसतात. म्हणजे पीएचसीतून रेफर चिठ्ठी, म्हणजे पुढच्या दवाखान्यात पाठवल्याचा कागद, घेऊन बाई वरच्या पायरीवर जाते, तिथं पुन्हा नवी चिठ्ठी मिळते, आणि ती त्याच्याही वर जाते. आमच्याकडे नातेवाईक म्हणायचे, "सिस्टर, तुम्ही फक्त कागदच देऊन राहिल्या." ते ऐकताना मान खाली जायची, कारण खरं होतं.

दुसरीकडे नागपुरातल्या धंतोली-रामदासपेठेत एका दवाखान्याच्या पायरीवरून पुढच्या दवाखान्याची पाटी दिसते. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८५ मध्ये अंदाज दिला होता की शंभरातल्या १० ते १५ बाळंतपणांना सिझर लागतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या खासगी दवाखान्यांत हे प्रमाण ४७ टक्क्यांहून जास्त निघालं, सरकारी दवाखान्यांत १४ च्या आसपास. शहरात गरज नसलेलीचं पोट कापलं जातं आणि गावात गरज असलेलीला टेबल मिळत नाही. मला विषमता हा शब्द याच अर्थानं कळला.

सरासरीनंही फसायला होतं. २०१८-२० मध्ये महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातांचे मृत्यू होते, देशात ९७. हे राज्याचं मोठं यश आहे, त्यात शंका नाही. पण त्या ३३ मध्ये पुण्याची बाई आणि गडचिरोलीतल्या एटापल्लीची बाई एकाच ओळीत उभी असते.

टॉर्चच्या उजेडात का होत नाही

भाचीला मी सिझर का काढायला लावलं ते सांगते. पोट उघडणं हा त्यातला एक भाग झाला. त्याआधी कण्यात भूल द्यावी लागते, त्यानं बाईचा बीपी एकदम खाली येऊ शकतो, तो सांभाळणारं माणूस तिच्या डोक्याशी वेगळं लागतं. गर्भाशयावर काप घेतला की रक्त जातंच, म्हणून रक्ताची सोय आधी लागते. बाळ रडलं नाही तर त्याच्याकडे पाहणारं तिसरं माणूस लागतं. निर्जंतुक औजारं, टाके, ऑक्सिजन, सक्शन हे त्यानंतर. बॉन्डवर आलेला एमबीबीएस झालेला मुलगा हे एकट्यानं करायला गेला तर ती बाई आणि बाळ दोघंही जातील. त्याला हे माहीत असतं. चांगला डॉक्टर असेल तर तो हात लावणार नाही.

मग तो काय करेल? खरं तर बहुतेक रात्री तो काहीच करत नाही, कारण काम सिस्टर करत असतात, आणि ते कथांमध्ये कधी येतच नाही याचं मला वाईट वाटतं. बाळंतपण सुरू झालं की आम्ही पार्टोग्राफ भरतो. एक आलेख असतो, त्यावर गर्भाशयाचं तोंड किती सेंटीमीटर उघडलं, बाळाचे ठोके किती, कळा किती, हे वेळेप्रमाणे टिंबं टिंबं करत मांडायचं. त्यावर एक तिरकी रेघ आधीच छापलेली असते. टिंबं त्या रेघेच्या डावीकडे चालली आहेत तोवर ठीक. टिंब रेघ ओलांडून उजवीकडे गेलं की समजायचं, हे बाळंतपण अडतंय, गाडी बोलवा. हे रात्री एकला कळतं की पहाटे पाचला, यावर सगळं असतं. बाळ झाल्यावर एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन द्यायचं, त्यानं गर्भाशय आवळतं आणि रक्तस्रावाचा धोका बराच कमी होतो. ते औषध २ ते ८ अंशात ठेवावं लागतं. म्हणजे त्या बाईचा जीव फ्रिजवर आणि फ्रिज विजेवर अवलंबून. कितीतरी रात्री मी ट्रेमधला बर्फ पाहायला उठले आहे.

भाचीला म्हटलं, बघ, तुला धडधड हवी ना? त्या आलेखावरच्या एका टिंबात आहे.

एका छपराखाली अडकायचंच असेल तर त्यालाही खरी जागा आहे. आदिवासी भागातल्या पीएचसींमध्ये माहेरघर योजना चालते. ज्यांच्या गावाचा पावसाळ्यात संपर्क तुटतो अशा गरोदर बायांनी तारखेच्या काही दिवस आधीच पीएचसीच्या आवारात येऊन राहायचं, सोबत घरचं माणूस. म्हणजे पूर आला तरी बाई नदीच्या अलीकडेच असते. दुसरा उशीर पुराच्या आधीच संपवायचा, असा तो सरळ विचार. आता त्या खोलीत जमलेल्या आठ बाया, त्यांच्या सासवा, चुलीवरचा भात आणि रोज संध्याकाळी पोरांना घेऊन येणाऱ्या शाळेतल्या बाई डोळ्यांपुढे आण, म्हटलं. ती गप्प झाली. लिहिणारी माणसं अशी गप्प झाली की समजावं, काहीतरी रुजलं.

राहणारे आणि जाणारे

"पण खरोखरचे हीरो तर होतेच ना?" हा तिचा पुढचा प्रश्न. होते, आहेत, आणि आपल्या नागपूरच्याच मेडिकलमध्ये शिकलेले. प्रकाश आमटे आणि मंदाकिनीताई भामरागडजवळच्या हेमलकशाला गेले, १९७३ पासून लोक बिरादरी प्रकल्प उभा राहिला. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत १९८६ च्या सुमारास सर्च ही संस्था सुरू केली. रवींद्र कोल्हे मेळघाटातल्या बैरागडला गेले, आणि त्यांच्या लग्नाच्या अटी तर विदर्भात सगळ्यांना पाठ आहेत: चाळीस किलोमीटर चालायची तयारी हवी, पाच रुपयांत लग्न, महिन्याला चारशे रुपयांत संसार, आणि वेळ आली तर लोकांसाठी भीक मागायची तयारी. नागपुरात चांगला जम बसलेल्या स्मिताताईंनी त्या अटी मान्य केल्या. याहून मोठी प्रेमकथा कुणी काय लिहिणार! २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली.

मात्र या गोष्टी आपण अर्ध्याच सांगतो. कोल्हे काही काळानं पुढचं शिकायला परत आले, कारण एमबीबीएसचं ज्ञान बैरागडला पुरत नव्हतं. प्रेम आणि त्याग होताच, तरी कौशल्य कमी पडत होतं, हे त्यांनी ओळखलं. त्यांच्याबद्दल एक प्रसंग नेहमी सांगितला जातो: मंत्री भेटायला आले, घराची अवस्था पाहून घर बांधून देतो म्हणाले, तेव्हा स्मिताताईंनी घराऐवजी रस्ता मागितला. ज्यांनी तो दुसरा उशीर रोज पाहिला, त्यांची मागणी अशी असते.

बंग पतिपत्नींचं काम तर साच्याला पार उलटं करणारं. त्यांनी ३९ गावांमधल्या बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, इंजेक्शन कसं द्यायचं, हे थोडं शिकलेल्या गावातल्या बाईला शिकवलं. १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: त्या गावांमध्ये नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. पुढे आशाताईंच्या घरभेटींतून हीच पद्धत देशभर गेली. बाहेरून आलेला नायक राहील की जाईल, यावर त्या बाळाचा जीव टांगलेला राहिला नाही. गावातली बाई गावातच असते.

आणि जे राहत नाहीत त्यांना खलनायक करू नये, हेही मला सांगायचं आहे. सरकारी कॉलेजात एमबीबीएस झालेल्या मुलाला एक वर्ष बॉन्डची सेवा द्यावी लागते. त्या वर्षभर त्याच्या उशाशी पीजी प्रवेश परीक्षेची पुस्तकं असतात. कथेत त्याचं मन ओढणारी शहरातली श्रीमंत मुलगी असते, प्रत्यक्षात ती परीक्षा असते. क्वार्टर गळत असतं, ड्युटी संपत नाही, चुकलं तर जमाव येतो आणि बरोबर निर्णय विचारायला वरिष्ठ जवळ नसतात. एका एमओंना, म्हणजे मेडिकल ऑफिसरांना, मी लेबर रूमबाहेर रडताना पाहिलं आहे. वर्ष संपल्यावर ते गेले. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी तीन महिने कुणी आलं नाही, त्याचा आला. गोंदिया, चंद्रपूर आणि २०२४ मध्ये गडचिरोलीला सरकारी मेडिकल कॉलेज मंजूर झालं, तेव्हा मला म्हणूनच बरं वाटलं. जिथं शिकतात तिथल्या आसपास राहायची शक्यता थोडी तरी वाढते.

दुराव्याच्या वळणासाठी तिला परीक्षा पुरणार नव्हती. मी तिला सिकलसेल सुचवला. विदर्भात घराघरांत ऐकू येणारा हा शब्द कथांत फारसा भेटत नाही. हा रक्ताचा आनुवंशिक आजार. एका पालकाकडून दोषी जनुक आलं तर माणूस वाहक, आमच्या भाषेत एएस. त्याला बहुधा काही त्रास नसतो, कळतही नाही. दोन्हीकडून आलं तर एसएस, म्हणजे आजार: सांध्यांत असह्य दुखणं, वारंवार भरती, रक्त चढवणं. दोन एएस माणसांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता चारात एक. २०२३ मध्ये देशपातळीवर सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, तपासण्या होतात, कार्डं मिळतात. मग एक मुलगा आणि एक मुलगी, एकमेकांवर जीव असलेली, आपापलं कार्ड हातात घेऊन बसतात. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाची तपासणी करता येते, म्हणजे वाट बंद नाही. पण ती तपासणी मोठ्या शहरात, आणि मजुरी बुडवून तिथं तीनदा कोण जाणार? हा दुरावा कुणाच्या गैरसमजातून आलेला नाही, आणि म्हणून तो मिटवायला नुसती माफी पुरत नाही.

तिनं सव्विसावा भाग पुन्हा लिहिला. त्यात सिस्टर आलेखावर टिंब मांडते, ते रेघेच्या उजवीकडे पडतं, ती डॉक्टरला उठवते. पूल अजून आहे, पण पाणी चढतंय. डॉक्टर पाहतो आणि म्हणतो, हे मला इथं जमणार नाही, आत्ताच निघायला हवं. शाळेतल्या बाई त्याच्याकडे बघतात. सव्वीस भागांत पहिल्यांदा त्याला काहीतरी येत नाही असं तो मोकळेपणानं म्हणाला, आणि त्याच क्षणी त्यांना तो आवडला, असं तिनं लिहिलं आहे. गाडीत बाईच्या डोक्याशी सिस्टर बसते, पायाशी आशाताई. वाचक बायकांनी खाली भरभरून लिहिलं, त्यातल्या दोघींनी विचारलं, त्या सिस्टरचं पुढे काय झालं?

काल रात्री तिचा फोन आला. शेवट जुळत नव्हता. डॉक्टर शिकून परत येणार, बाईंची शाळा दुसऱ्या तालुक्यात, मग दोघं एकत्र राहणार कसे?

मी तिला पती-पत्नी एकत्रीकरणाच्या बदलीचं सांगितलं. सरकारी नोकरीतल्या नवरा-बायकोला जवळ आणायला तो खास प्रकार आहे, माझ्या किती मैत्रिणींनी त्यासाठी वर्षानुवर्षं अर्ज केले. तिनं विचारलं, "अर्ज कोणत्या महिन्यात करतात, मावशी?"

उन्हाळ्याच्या तोंडाशी, म्हटलं. मे महिन्यात बदल्या निघतात. आणि त्यांच्या जागेवर कोण येणार, तेही लिहून ठेव.